रिकाम्या कवटीतला ठिपका

इथले अनुभव मी दोन वर्षं गुपचूप वाचतेय आणि खरं सांगू का, निम्मे वाचून हसते. वळणावरची बाई, पांढरी साडी, उलटे पाय... अहो, पुरे! आमच्या घरात देव्हारासुद्धा नव्हता. वडील मूळचे रत्नागिरीकडचे. पौर्णिमेला बुद्धवंदना म्हणायची आणि बाकी काय ते पुस्तकात शोधायचं, अशा वळणाचे. त्यात मी एक्स-रे टेक्निशियन, माणूस आतून कसा दिसतो ते रोज बघणारी. मला कोण काय घाबरवणार? पण एक गोष्ट इतकी वर्षं घशात अडकून बसलीय. आता रिटायर होऊनही बराच काळ लोटला, तेव्हा सांगून टाकते.

साल चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी. जागा वाशी. रेल्वे अजून आली नव्हती, खाडीपुलावरून बस यायची. सेक्टरांमध्ये निम्म्या बिल्डिंगा उभ्या, निम्म्या नुसते खांब. तिथल्या एका दुमजली खाजगी हॉस्पिटलात तळमजल्यावर आमची एक्स-रे रूम होती आणि तिला लागून डार्करूम. ओहोटी लागली की खाडीचा वास थेट आत यायचा.

आमचे मोठे डॉक्टर डोक्याच्या आणि मानेच्या विकारांवर रिसर्च करत होते. सीटी स्कॅन तेव्हा मुंबईत मोजक्याच ठिकाणी, त्यामुळे आमचा सगळा भरवसा साध्या एक्स-रेवर. मेंदूच्या बरोब्बर मध्ये पिनियल नावाची बारीक ग्रंथी असते. बऱ्याच मोठ्या माणसांत तिच्यात कॅल्शियम साठतं आणि समोरून काढलेल्या फिल्मवर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसतो. तो मधोमध हवा. एका बाजूला सरकलेला दिसला, तर समजायचं की दुसऱ्या बाजूनं काहीतरी त्याला ढकलतंय. आसपासच्या गावांतून डोकेदुखीचे, फिटचे पेशंट यायचे आणि तुलनेसाठी धडधाकट माणसंही. मी फिल्म काढायची, पट्टीनं ठिपका मोजायचा, रजिस्टरमध्ये लिहायचं.

रोज सकाळी पहिला पेशंट घेण्याआधी मशीन आणि केमिकल ठीक आहे ना हे बघायला एक टेस्ट फिल्म काढायची पद्धत होती. त्यासाठी आमच्याकडे एक खरी कवटी होती, शिकवायला वापरतात तसली. वरची टोपी करवतीनं कापून पुन्हा पितळी आकड्यांनी बसवलेली. आतून ठणठणीत रिकामी. तिचं नाव आम्ही बंडोपंत ठेवलं होतं.

बंडोपंतांची देखभाल हिरामावशीकडे. ही आमच्याकडची आया, जवळच्या शिरवणे गावची, पन्नाशीची. बायकांचे दागिने-आकडे काढून ठेवायचे, ओल्या फिल्मा वाळत घालायच्या, ही तिची कामं. रोज सकाळी बंडोपंतांना आतूनबाहेरून पुसायची. “उट रं बंडोपंत, फोटो काराचा हाय तुजा!” त्या दिवसांत तिचं डोकं फार दुखायचं, सकाळी उठल्या उठल्या, कधी उलटीही. कवटीवर हात ठेवून बसायची आणि म्हणायची, “तुजा बरा हाय, आत कायच नाय दुखाला.” मी तिला कितीदा म्हटलं, मावशी, एक फिल्म काढू या तुझी. तर म्हणे, “मना काय धाड भरलीय? चा कमी परला.” डॉक्टरांनी बीपी बघून गोळी दिली होती, तेवढ्यावर विषय संपला.

एके दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे बंडोपंतांची फिल्म काढली, धुतली, मावशीकडे वाळत घालायला दिली. तेवढ्यात पेशंट आला. अर्ध्या तासानं परत येऊन फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि बघतच राहिले.

आत ठिपका होता.

रिकाम्या कवटीत पिनियल! शिवाय उजव्या भुवईच्या वर एक वाकडा, चकचकीत पांढरा तुकडा. मासे धरायच्या गळाचं टोक असावं तसा. मी मनात म्हटलं, सुनंदा, झोपेत काम केलंस. फिल्म ठेवायची कॅसेट न बदलता पुन्हा वापरली, दोन फोटो एकावर एक आले. पण तसं झालं तर कवटीच्या कडा दोन दिसायला हव्यात, जबड्याखाली मानेचे मणके दिसायला हवेत. इथे कडा एकच, बंडोपंतांचीच, करवतीची रेघसुद्धा जागच्या जागी. सवयीनं पट्टी लावली. ठिपका तीन मिलिमीटर डावीकडे.

आता माझी चूक ऐका. डॉक्टर फुकट गेलेल्या फिल्मवरून फार बोलायचे, चारचौघांत बोलायचे. म्हणून आम्ही अशी फिल्म रजिस्टरला दाखवायचोच नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून घासली की काळा थर निघून जातो आणि खाली स्वच्छ प्लास्टिक उरतं. स्टाफमध्ये असं एक घर नव्हतं, जिथे रेशनकार्डाला एक्स-रेच्या फिल्मचं कव्हर नव्हतं.

मी फिल्म हातात घेऊन उभी होते, तर मावशी दारात. “फुकट गेली काय ती? मंग मना दे. माजा रेशनकार्ड पार भिजून गेलाय.”

“दुसरी देते गं, ही राहू दे.”

“नाय, हीच दे. आनि नीट धू हां ताय, काय रावता कामा नाय.”

मला सुटल्यासारखंच झालं. घासघासून धुतली, कव्हर कापून दिलं. एकदाचं पाप गेलं म्हटलं.

तीन आठवडे बंडोपंत अगदी सरळ वागले. मग एका सोमवारी पुन्हा तेच! या वेळी कॅसेट मी स्वतः भरली होती, आधीच्या रात्रीपासून ती कपाटात कुलूपबंद. तोच गळ, त्याच जागी. ठिपका मात्र सात मिलिमीटर. म्हणजे हे जे काय होतं, ते वाढत होतं.

या वेळी मी फिल्म घेऊन थेट डॉक्टरांसमोर गेले.

“अहो कांबळेबाई, डबल एक्स्पोजर आहे हे. शिकाऊ आहात का तुम्ही?”

“सर, कडा एकच आहे. आणि हा गळ आपल्या एकाही पेशंटला नाही.”

“मग गळ शोधा आधी. मग माझ्याकडे या.”

असा राग आला मला! तणतणत खाली आले. मावशी बाकावर डोकं धरून बसली होती. मी फिल्म तिच्यासमोर नाचवली. “मावशी, तूच सगळ्यांचे दागिने काढतेस. सांग, कुणाच्या भुवईत गळ रुतलाय?”

तिनं माझं बोट धरलं आणि स्वतःच्या उजव्या भुवईवर नेऊन दाबलं. कातडीखाली टाचणीच्या टोकासारखं काहीतरी टोचलं.

“पोर व्हती तवा बापाशीच्या होरीत मासं धरताना लागला. टोक आतच रायला,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. “ताय, मना भ्या वाटतो गो.”

मी कुणाला विचारलं नाही. तिला टेबलावर झोपवलं, फिल्म काढली. डार्करूमच्या लाल दिव्यात, डेव्हलपरमधून तो ठिपका हळूहळू वर येताना मी बघत होते. दोन्ही फिल्मा एकावर एक धरल्या. हाडं वेगळी, कडा वेगळ्या. पण गळावर गळ बसला आणि ठिपक्यावर ठिपका. सात मिलिमीटर.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा पेटीवर लावल्या, खुर्ची ओढली आणि स्वतः पट्टी लावून दोन्ही ठिपके मोजले. मग फोन उचलला. त्याच दिवशी त्यांच्या गाडीतून आम्ही मावशीला मुंबईला नेलं. स्कॅनमध्ये उजव्या बाजूला गाठ निघाली, चांगली लिंबाएवढी. कॅन्सरची नव्हती, पण ऑपरेशन तातडीनं करावं लागलं. मावशी वाचली. उजवा डोळा मात्र गेला. तिथले सर्जन सहज बोलून गेले, दोन-तीन आठवडे आधी आणलं असतंत तर डोळाही राहिला असता.

तीन आठवडे.

मावशी चार महिन्यांनी कामावर परत आली. बंडोपंतांना पूर्वीसारखीच पुसायला लागली. त्यांची फिल्म त्यानंतर रोज रिकामी आली, मी नोकरी सोडेपर्यंत. डॉक्टरांनी ‘त्या’ फिल्मा पाकिटात घालून कपाटात टाकल्या. रिसर्चमध्ये का घेत नाही विचारलं, तर म्हणाले, “कुठल्या रकान्यात लिहू, बाई?”

नव्वद उजाडायच्या आत माझं लग्न ठरलं, पुण्याला जायचं होतं. निरोप घ्यायला शिरवण्याला मावशीच्या घरी गेले. सुनेनं चहा आणला, तो मी तसाच खाली ठेवला. रडतच सगळं ओकून टाकलं. पहिली फिल्म, तीन मिलिमीटर, डॉक्टरांची भीती, सोड्याचं पाणी. “मावशी, तुझा डोळा माझ्यामुळे गेला गं.”

ती उठून आत गेली. रेशनकार्ड घेऊन आली.

“मना ठाव हाय,” म्हणाली. “त्या दिशी वालत मीच घातला नाय काय? तुज्या आदी मी बगितला. माजा गल मी वलखनार नाय? मना वाटला, तू धुवून टाकलास म्हंजे डोक्यातला बी धुवून जाईल. म्हनून तर तोच मागला.”

“अगं, मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू तरी मना कुटं सांगितलास?”

मग तिनंच माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हातानं मला जास्तच रडू आलं.

रिकाम्या कवटीत दुसऱ्याच्या डोक्यातलं कसं उमटतं, हे मी नंतर मोठमोठ्या रेडिओलॉजिस्टना विचारलं. काही हसले, काहींनी विषय बदलला. मला आजही माहीत नाही आणि मी उगाच काही जुळवूनही सांगणार नाही. मला आठवतं ते एवढंच... निघताना मी मावशीच्या हातातून ते कार्ड घेतलं, कव्हर काढलं आणि दारातल्या उन्हात धरलं. एखादा डाग, एखादी रेघ, काहीतरी राहिलं असेल म्हणून पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं. काही नव्हतं. फार नीट धुतली होती मी.