बाबांची वही

काल कॅन्सर रुग्णालयाच्या व्हरांड्यात एक आजोबा मांडीवर वही घेऊन लिहिताना दिसले आणि बाबा आठवले. नव्या औषधाच्या चाचणीत त्यांनी स्वतःहून नाव दिलं होतं. होणारा त्रास रोज वहीत लिहायचा असे. एका सकाळी त्यांनी लिहिलं, 'बोटं बधिर. बटणं लागत नाहीत.'

मी घाबरले. "बाबा, हे नका ना लिहू. औषध बंद करतील."

"अगं, मी लपवलं तर पुढच्या माणसाला कसं कळणार?"

औषध खरंच थांबवलं. बाबा जेमतेम दिवाळीपर्यंत राहिले. पुढे चाचणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा नोंदींमुळेच इतरांचा डोस वेळीच कमी करता आला.

वहीत ते लिहिलं त्या दिवशी मात्र मी रागाने त्यांच्याशी बोललेच नव्हते. संध्याकाळी त्यांनीच हाक मारली, "चल, गच्चीवर बसू." अंधार पडेपर्यंत आम्ही नुसते बसलो होतो.