इस्माईलचाचा आणि बारा रायफलींची कव्हरं

इस्माईलचाचांच्या हातात कुणीही बॅग दिली की ते ती आधी उलटी करत. बाहेरून बघणं नाही, चेन चालवून बघणं नाही. थेट आतली बाजू बाहेर. एकदा माझ्या सासूबाई दुकानात टेकल्या, तर त्यांच्या पर्सचं कौतुक करता करता चाचांनी तीही उलटी केली. मिश्रीची डबी, दोन लिमलेटच्या गोळ्या आणि आम्हाला कधी न दाखवलेला तरुणपणीचा फोटो टेबलावर! सासूबाई लालबुंद. चाचांचं लक्ष मात्र अस्तरावर. "वहिनी, हा शिवनारा चोर हाय. आत कच्चा टाका मारलाय," एवढंच म्हणाले. त्यानंतर सासूबाई दुकानात पर्स छातीशी धरूनच येत.

चाचा पनवेलचेच, कोकणी मुसलमान. तरुणपण कुवेतमध्ये गाड्यांच्या सीटा शिवण्यात गेलं. परतल्यावर घरी बसवेना, म्हणून नवीन पनवेलच्या माझ्या गाळ्यात चौकशी करायला आले आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर बसले. मी तळोज्याच्या एका कारखान्यात दहा वर्षं दुसऱ्यांनी आखलेल्या बॅगा शिवून बाहेर पडले होते. माझी स्वतःची म्हणावी अशी एक तरी वस्तू असावी, ही हौस. हौस कसली, हट्टच! वर्षभरात जमलं नाही तर मुकाट्याने परत शिफ्टला जायचं, असं घरी ठरलं होतं. आणि वर्ष संपत आलं होतं.

अशात नाईक सर आले. त्यांचा नेमबाजीचा क्लब होता. बारा रायफलींना मऊ कव्हरं हवी होती. खेळाडूंना स्पर्धेला नेता येतील आणि एरवी रायफली त्यातच ठेवता येतील अशी. मी ऐकतानाच मनात कागदावर रेघा मारायला लागले होते.

रायफल काही आम्हाला दुकानात आणता येत नव्हती. परवान्याशिवाय ती कुणाच्या हाती देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून क्लबात जाऊन मापं घेतली आणि सुताराकडून तशीच लाकडी रायफल करून घेतली. नळीच्या जागी वाळू भरलेला प्लास्टिकचा पाइप. वजन जवळजवळ बरोबर. चाचांनी ती एका बोटावर तोलली, जिथे आडवी स्थिर राहिली तिथे खडूची खूण केली आणि म्हणाले, "मूठ हितं. नायतर चालताना नाक जमिनीला लागंल." नळीच्या टोकाकडे त्यांनी चामड्याचा दुहेरी तुकडा हाताने शिवला. चेनचं लोखंड रायफलीला घासू नये म्हणून आतून पट्टी लावायला लावली. आणि मी? मी आत जाड फोम चिकटवला, वर निळं मखमली अस्तर. काय दिसत होतं म्हणून सांगू! आम्ही ते कव्हर जिन्यावरून टाकलं, त्यावर बसलो, रिक्षाच्या टपावर बांधून ओवे गावापर्यंत नेऊन आणलं. लाकडी रायफलीला ओरखडा नाही. बारा कव्हरं क्लबात पोचली, रायफली त्यात गेल्या.

पंधरा दिवसांनी, ऐन श्रावणात, चाचा सकाळीच दारात उभे. हातात त्यांची कुवेतहून आणलेली कात्री. नमुन्याच्या कव्हरात चुकून राहिली होती म्हणे. दोन्ही पात्यांवर तांबूस गंज.

"तुज्या फोमनं पानी धरलंय," ते म्हणाले. "नि आपन शाने! लाकडावर परीक्षा घेतली. लाकडाला गंज येतो काय?"

चूक मला कळली. तरी तोंड चाललंच. "फोम चांगला आहे असं तुम्हीसुद्धा म्हणालात!"

"बोललो. मी पन गाढव. फोन लाव."

"चाचा, ऑर्डर जाईल हो. सर रायफली पुसत असतीलच ना? पुढची कव्हरं आपण नीट करू."

"पुडचं पुडं. फोन लाव, पोरी."

लावला. तासाभरात आम्ही क्लबात होतो. सर एकेक चेन उघडत होते आणि मी देवाचं नाव घेत होते. नऊ रायफली ठीक निघाल्या. उरलेल्या तिनांच्या नळीवर चहा सांडल्यासारखा डाग. तेलाचं फडकं घासून दोन लगेच उजळल्या, तिसरीला बराच वेळ लागला. सर ओरडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. "हे डिझाइन कुणाचं?" एवढंच विचारलं.

मी चाचांकडे पाहिलं. खरं सांगते, त्यांनी "माजं" म्हणावं म्हणून पाहिलं. पांढरी दाढी, वयस्कर माणूस. सरांनी सोडून दिलं असतं.

"हिचं," चाचा म्हणाले. "फोम हिनंच घातला. सुदारनार पन हीच."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. सरांनी आठ दिवस दिले.

त्या आठ दिवसांत मी चाचांशी कामापुरतंच बोलले. फोम उखडला. काढून वाळवता येईल असं पातळ गादीसारखं अस्तर केलं, चेन सगळीकडून फिरवली म्हणजे कव्हर चटईसारखं पसरेल. आणि मुख्य म्हणजे नेणं वेगळं आणि ठेवणं वेगळं, हे डोक्यात शिरलं. कपाटात ठेवताना घालायला प्रत्येक रायफलीला तेल दिलेल्या सुती कापडाचा लांब मोजा शिवला. या वेळी प्रत्येक नमुन्यात लोखंडाची सळई ठेवून चार दिवस वाट पाहिली. सळया कोऱ्या राहिल्या. सरांनी कव्हरं घेतली आणि दुसऱ्या क्लबातही माझं नाव सांगितलं. शिफ्टला जाणं टळलं ते कायमचं.

मग एकदा चहा पिताना मी विचारलंच, "माझं नाव का घेतलंत हो? एवढा राग होता माझ्यावर?"

"राग कसला?" त्यांनी बशीत चहा ओतला. "चूक माजी बोललो असतो, तर सरांनी मला माफ केलं असतं. नि मग चांगलं कव्हर झालं, ते पन माजंच झालं असतं. तुला तुजं पायजे होतं ना?"

मी उठून मशीनवर जाऊन बसले. आभारसुद्धा मानले नाहीत, अशी मी करंटी.

गेल्या वर्षी चाचा गेले. त्यांच्या घरी भेटायला गेले तर त्यांच्या मुलीने, शबानाने, बायकांना माझी ओळख करून दिली, "ह्याच त्या, रायफलीची कव्हरं बनवनाऱ्या. अब्बा सांगायचे, सगळं तिनं एकटीनं केलं, मी नुस्ता सुईत धागा घालून देत होतो."

मला रडू आवरेना. मी शबानाचा हात धरला आणि तिथेच सगळ्यांना सांगितलं, की बाराच्या बारा कव्हरं तिच्या अब्बांनी माझ्याबरोबर शिवली होती, दोन्ही वेळा.