बायकांच्या बाजूचा जिना

नवा राजा गादीवर बसला, त्या निमित्ताने ब्रॅकेनशॉच्या नगरपालिकेने बाजारचौकाच्या पोटात सार्वजनिक शौचालय बांधलं. शेजारच्या गावात आधीच एक झालं होतं, हेही कारण होतंच. पुरुषांच्या बाजूला संगमरवर, महोगनीची दारं, तांब्याच्या नळ्या, काचेच्या टाक्या. बायकांच्या बाजूला उरलेल्या फरश्या. पुरुषांचं उभ्याउभ्याचं काम फुकट. बायकांना दार उघडायलाच एक पेनी पडे, कारण समितीत बाई नव्हती. उजेडासाठी वरच्या फुटपाथमध्ये जाड काचेचे ठोकळे बसवले होते. त्यांतून खाली फक्त बुटांच्या सावल्या दिसत. बायकांना मात्र वाटे की खालून बरंच काही दिसतं, म्हणून त्या तेवढी जागा टाळून चिखलातून जात.

सेलिना पिंब्लेट ही बायकांच्या बाजूची राखणदार. नवरा वारलेला, गिरणीतल्या कापसाच्या धुळीने तिची छाती भरलेली. त्यामुळे ही नोकरी तिला देवानेच दिली होती. गिऱ्हाईक पाठवायचं तेवढं देव विसरला.

जिना नेमका ट्रामच्या थांब्यासमोर निघत होता. ब्रॅकेनशॉची बाई एक वेळ आपलं खरं वय सांगेल, पण आपल्याला ‘जायचं’ आहे हे ट्रामला उभ्या असलेल्या माणसांना कळू देणार नाही. बाजाराच्या दिवशी बायका चहा घेत नसत आणि घरी जाताना फार भरभर चालत.

समितीचे अध्यक्ष हार्ग्रीव्जसाहेब सेलिनाला म्हणाले, “ईस्टरपर्यंत बघू. नाहीतर बंद करून तिथे पालिकेचे झाडू ठेवू.” म्हणजे सेलिना पुन्हा गिरणीत.

पुरुषांच्या बाजूचा राखणदार टॅटर्सल जिन्याच्या कठड्याला टेकून पाइप ओढत असे.

“काय पिंब्लेटबाई, आज फार गर्दी दिसतेय. वाट काढून देऊ का?”

“तुमची फरशी पुसा आधी. अर्धं गाव येऊन गेलं, नेम एकाचाही धड नाही.”

“आमचे लोक लाज वर ठेवून उतरतात. तुमच्या बायकांना खाली यायला काहीतरी निमित्त हवं.”

दुसऱ्या दिवशी सेलिनाने कठड्यावर पाटी लावली: सापडलेल्या छत्र्या खाली मिळतील. खाली खुंटीला नवऱ्याची जुनी छत्री टांगली. ब्रॅकेनशॉत छत्री हरवण्याइतकं सभ्य कारण दुसरं नव्हतं. तिथे पाऊस थांबला की लोक काळजीने वर बघत.

पहिली आली खाटकाची बायको. थांब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बघते बाई, माझी छत्री सापडलीय का.” छत्री तिच्या काखेतच होती.

सेलिनाने ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. “आत बघा. दुसऱ्या दाराआड असेल.”

मग गावभर छत्र्या हरवू लागल्या. ईस्टरच्या सुमारास हार्ग्रीव्जसाहेब पत्नीसह पाहणीला आले, जिन्यावरची वर्दळ बघून खूश झाले आणि जिन्याच्या तोंडाशीच निर्णय देऊन मोकळे झाले. “छत्र्यांना एवढी मागणी असेल तर हे खातं टाऊन हॉलच्या तळमजल्यावर नेऊ. इथे झाडू.”

युक्ती सेलिनाच्याच अंगाशी आली. खरं बोलावं तर उद्यापासून एकही बाई पायरी उतरणार नव्हती.

हार्ग्रीव्जबाईंनी सुरुवातीला या बांधकामाविरुद्धच्या अर्जावर पहिली सही केली होती. अलीकडे त्यांची छत्री दर बाजाराला हरवत होती.

“अहो,” त्या म्हणाल्या, “छत्र्या इथेच राहू द्या.”

“अगं, बायकांना जिना चढावा लागतो.”

“चढतील.”

“टाऊन हॉलमध्ये शेगडी आहे, खुर्च्या आहेत.”

“आणि दारं? आतून कडी लागणारी?”

थांब्यावरच्या बायकांनी माना वळवल्या. साहेबांना समजायला जरा वेळ लागला. मग ते कानापर्यंत लाल झाले.

“तशी नाहीत,” ते म्हणाले.

“मग झाडू तिकडे ठेवा.”

साहेबांनी घसा खाकरला आणि समितीचंही हेच मत असल्याचं जाहीर केलं.

“बरं, ही धरा जरा,” म्हणत बाईंनी आपली छत्री भर चौकात नवऱ्याच्या हातात दिली आणि जिना उतरू लागल्या. त्यांच्यामागून थांब्यावरच्या बायका निघाल्या, निमित्त न सांगता. ट्राम आली, घंटी वाजवून बघितली, आणि पुरुषांनाच घेऊन गेली. सेलिना मात्र घाईने आधीच खाली उतरली होती. टॉवेल पुरतील की नाही याची काळजी तिला पहिल्यांदाच पडली होती.