गुळाच्या पाण्यानं ओतलेला काठ

आंबलेल्या गुळाचा वास आला की मला बाची विहीर आठवते. आम्ही धर्म बदलल्यावर गावानं आमचं पाणी बंद केलं, म्हणून आम्ही आपली विहीर खणली. पडक्या पुलाचं काँक्रीट आई आणि मी हातोड्यानं फोडून त्याची खडी केली. बा चुन्याचा गवंडी होता, सिमेंट त्यानं पहिल्यांदाच हाताळलं. त्यात ती खडी, पकड यावी म्हणून अंबाडीच्या तंतूंचा वाख आणि चुन्यात घालतात तसं गुळाचं पाणी घालून त्यानं विहिरीचा काठ ओतला. आठ दिवसांनीही बोट रुतायचं. "बा, हे धरून नाही राह्यलं," मी म्हटलं. "उद्या धरंन." शेजारीण म्हणाली, "मामा, चाटून पाहा, पेढा झाला असंन." वळवाच्या पावसात सगळा काठ विहिरीत उतरला. गुळानं सिमेंट धरत नाही, हे मला पुढं एका ओव्हरसियरनं सांगितलं. तोवर बा मेला होता, अंबाडी कमी पडली म्हणत.