मावशीचं मशीन आणि मावशीचे यजमान

या जगात जी यंत्रं सुरळीत चालतात, ती केवळ आमच्या मावशीचे यजमान अजून त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत म्हणून चालतात, असं माझं एके काळी ठाम मत होतं. हे मत ऐकीव गोष्टींवरून बनलेलं नव्हतं. सत्तरच्या दशकात मी भिवंडीत एका वकिलांकडे टायपिस्ट होते आणि निजामपुऱ्यात मावशीकडे राहत होते, त्यामुळे सगळा प्रकार डोळ्यांदेखत घडत होता. काका, म्हणजे मावशीचे यजमान, गल्लीतल्याच एका कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम, म्हणजे यंत्रमाग, वळणावर आणणारा माणूस. कारखान्यात त्यांना मान होता. अडलेल्या लूमपाशी काका नुसते जाऊन उभे राहिले तरी तो शहाण्यासारखा चालू लागतो, असं तिथले कारागीर सांगत. घरी मात्र उलटा न्याय होता. घरात एखादी वस्तू शहाण्यासारखी चालताना दिसली की काकांना चैन पडत नसे.

"चालत्या मशीनचा काय भरोसा न्हाय, पोरी," ते मला समजावून सांगत, "कधी दगा देईल सांगता येत न्हाय. बिघडलेली बरी. तिचं काय बिघडलंय ते दिसतं तरी." या वाक्यावर मी कितीतरी दिवस विचार केला. त्यात कुठेतरी मोठी चूक आहे हे कळत होतं, पण बोट ठेवायला जागा सापडत नव्हती. याच तत्त्वावर त्यांनी शेजाऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ उघडलं. त्यानंतर शेजारी वेळ विचारायला आमच्याकडे येऊ लागले, तर काकांना वाटलं शेजारधर्म वाढला. एकदा माझा विसरलेला डबा द्यायला ते ऑफिसात आले आणि माझ्या टाइपरायटरकडे कान लावून जरा वेळ उभे राहिले. वकीलसाहेब कोर्टातून परतले तेव्हा टाइपरायटर अर्धा टेबलावर आणि अर्धा काकांच्या रुमालात होता.

पण त्यांचं खरं प्रेम मावशीच्या शिवणाच्या पायमशीनवर होतं. ते मशीन होतंही मोहात पाडणारं. माझ्या आजोबांनी मावशीच्या लग्नात ते कल्याणच्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडून घेऊन दिलं होतं, आणि तेव्हाच ते मशीन शिंप्याहून म्हातारं होतं. काळंभोर अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, हात टेकतो त्या जागी ती पार पुसून गेलेली. खाली बिडाचं जाळीदार पायडल, बाजूला मोठं चाक आणि चाकावरून वर गेलेला चामड्याचा पट्टा. खालच्या दोऱ्यासाठी त्यात होडीसारखं लांबट शटल होतं. लूममध्ये आडवा दोरा नेणारा धोटा असतो, त्याचंच हे इवलंसं भावंड. नव्या नवरीबरोबर घरात आलेलं मशीन काकांनी पहिल्याच दिवशी उघडलं आणि "अगो, ह्यात धोटा हाय," म्हणून ते इतके हरखले की बस. मावशी म्हणायची, लग्नानंतर ह्यांनी डोळे भरून पाहिला तो धोटा, माझी पाळी नंतर आली.

शुक्रवारी लूमना सुट्टी असे. एरवी दिवसरात्र खडखडणारी गल्ली त्या दिवशी मुकी होई, आणि तेवढ्या शांततेत काकांना करमत नसे. न्याहारी झाली की जमिनीवर जुनी लुंगी पसरायची, मशीनचं डोकं तिच्यावर आडवं करायचं, आणि स्वयंपाकघरातल्या वाट्या एकेक करून बाहेर जायच्या. एकीत स्क्रू, एकीत स्प्रिंगा, एकीत रॉकेल आणि रॉकेलात बुडालेले सुटे भाग. शुक्रवारची आमटी आम्ही पेल्यातून प्यायचो. एकदा सगळं जोडून झालं आणि एक चावी उरली. काकांनी दुपारभर ती मशीनला कुठे कुठे लावून पाहिली आणि शेवटी जाहीर केलं की ती त्या कल्याणच्या शिंप्यानेच चुकून आत टाकलेली असणार. होळीला मावशी पुरण वाटायला बसली आणि पुरणयंत्राची चावी काही केल्या सापडेना, तेव्हा तो बिचारा शिंपी निर्दोष सुटला.

तेलाच्या बाबतीत काकांचा हात फार सढळ होता. शिवणाच्या मशीनला थेंबभर तेल पुरतं, काका लूमच्या हिशोबाने पाजायचे. मग ते तेल टिपलं जावं म्हणून मावशी तासभर चिंध्यांवर शिवण घालत बसे, आणि तरीही कोणाच्या ना कोणाच्या ब्लाउजवर डाग पडेच. एकदा पट्टा सैल वाटला म्हणून त्यांनी कारखान्यातला जाड पट्टा कापून बसवला. तो इतका ताठ होता की पायडल हलवायला मावशीने मलाही शेजारी पाट घेऊन बसवलं, आणि एका परकराची शिवण आम्ही दोघींनी मिळून चार पायांनी घातली. मावशी ओरडत होती, काका ओरडून उत्तर देत होते. यात भांडण असं काही नव्हतं. भिवंडीत सगळेच ओरडून बोलतात. लूमच्या खडखडाटात जन्म काढलेली माणसं, निम्मं तोंडाने सांगतात, निम्मं हातवाऱ्यांनी. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला वाटे, आपण चुकीच्या वेळी आलो.

त्या वर्षी मात्र मावशीला खरंच ओरडायचं होतं. जवळच्याच टेमघरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तिच्या हातचा एक झगा पाहिला आणि शाळेच्या मुलींचे गणवेश शिवायचं काम तिला देऊ केलं. पांढरे ब्लाउज, निळे स्कर्ट. शाळा उघडायच्या आत सगळे तयार झाले तर पुढेही दर वर्षी तिलाच, नाही झाले तर बाजारातला शिंपी होताच. मावशीने आजवर शेजारणींच्या परकरांना नाडीपट्ट्या लावल्या होत्या आणि उसवलेल्या उशा शिवल्या होत्या. आपलं काम बघून कोणी आपल्याला बोलावलं, हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. निळ्या कापडाचा गठ्ठा घरात आला त्या दिवशी ती त्यावरून नुसता हात फिरवत बसली होती. मला ते पाहून भरून आलं आणि पाठोपाठ काकांची धास्ती वाटली.

धास्ती खरी ठरली. काका आता शुक्रवारची वाट बघेनासे झाले. पहिल्या शिफ्टहून आले की जेवून ते खाटेवर पडत. बाजूच्या खोलीत मावशीचं मशीन चालू असे आणि त्या आवाजावर त्यांना झोप लागे, ही वर्षानुवर्षांची पद्धत होती. पण त्या उन्हाळ्यात ते खाटेवरून ताडकन उठून येत आणि म्हणत, "आवाज गेला तिचा. थांबव, मी बघतो." मशीनचा उल्लेख ते नेहमी बाईमाणसासारखा करायचे. मावशी म्हणे, आवाज आहे तसाच आहे. मला साक्षीला बोलावलं जाई. मी वाकून ऐके. नेहमीची टकटक मला स्पष्ट ऐकू येई, पण इतका मोठा जॉबर ठामपणे म्हणतोय तर काहीतरी असेल, असं वाटून मी पुन्हा ऐके, आणि दुसऱ्यांदा ऐकलं की मलाही शंका येऊ लागे. होता होता मावशीही गोंधळली. ती मधेच शिवण थांबवून मला विचारायची, "खरंच बदललाय का गं?" घरातली दोन धडधाकट कानांची माणसं आपल्याच कानांवरचा विश्वास हरवून बसली होती, आणि मशीन रोज वाट्यांमध्ये विभागलेलं होतं.

शेवटी मावशीने त्यांना देवाच्या तसबिरीपुढे उभं केलं आणि गणवेश होईपर्यंत मशीनला हात लावणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. काकांनी मान हलवली. त्यांनी कशाला मान हलवली हे त्यांना तरी कळलं होतं का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. दोनच दिवसांनी मावशी बटणं आणायला बाजारात गेली आणि परत येऊन बघते तर लुंगी पसरलेली, काका मधोमध बसलेले आणि धोटा रॉकेलात. त्या दिवशी मात्र ती ओरडली नाही. खाली बसली, बटणांची पुडी पदरात ठेवली आणि म्हणाली, "मशीन पूर्णेला नेते. भावाकडे बसून शिवीन." भिवंडीलगतचं पूर्णा गाव हे तिचं माहेर. हे तिने इतकं हळू सांगितलं की मला भीती वाटली. काका स्क्रू पिळत राहिले.

शुक्रवारी मामा पूर्णेहून बैलगाडी घेऊन आला. गल्ली मुकी होती. काकांनी मशीन जोडून ठेवलं होतं. मावशी घर सोडून रोज माहेरी जाऊन बसणार, याचं त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण आपण काय गुन्हा केला हे त्यांना कळत नव्हतं. ते दारात उभे राहून, आमच्याकडे पाठ करून, बैलांकडे बघत होते. मामा म्हणाला, गाडीत चढवण्याआधी एकदा चालवून बघ, नाहीतर उद्या म्हणशील तुझ्या गाडीने मोडलं. मावशी बसली, दाबपट्टीखाली चिंधी सरकवली आणि तिने पायडल मारलं. मशीन झकास चाललं. इतक्या शांततेत त्याची टकटक गल्लीच्या टोकापर्यंत जात असणार.

आणि काका मागे न वळता म्हणाले, "चालू तरी कर गो. किती वेळ नुसती बसशील?"

मावशीचे पाय चालतच राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं. मामाने मान खाली घातली. "अवो," तिने हाक मारली, मग आणखी मोठ्याने मारली. काका बैलांकडेच बघत होते. आवाज मशीनचा गेला नव्हता. एरवी लूमच्या गदारोळात कोणाला कोणाचं ऐकू येत नाही ते कळत नाही. ओरडणाऱ्या गावात आणि हातवाऱ्यांच्या कारखान्यात हा माणूस कधी बहिरा होत गेला ते बायकोलाही समजलं नव्हतं. जॉबरची निम्मी विद्या कानांत असते. हे गल्लीत पसरलं असतं तर शेटने त्यांना कारखान्यात उभं केलं नसतं.

मावशी उठली. तिने काकांना मनगटाला धरून आत आणलं, त्यांचा पंजा मशीनच्या लाकडी फळीवर ठेवला आणि पुन्हा बसून पायडल मारायला सुरुवात केली. काका प्रथम तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांची नजर फळीवर गेली. लूमवर ते रोज हेच करत असणार, म्हणून तिथे निभावत होतं.

"हाय," ते म्हणाले. "हाय. चांगली चाललीय."

मामा रिकामी गाडी घेऊन निघाला तेव्हा समोरच्या शेजारणीने दारातून विचारलंच, मशीन का नाही नेलं म्हणून. मावशीने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मशीनच बिघडलेली. ह्यांना आधीच समजलं, आम्हांला आज." मामाने कोणी न सांगता मान डोलावली. त्यानंतर त्या घरात कानांचा विषय कोणी काढला नाही.

गणवेश वेळेवर झाले. शिफ्ट संपली की काका स्टूल घेऊन शेजारी बसत, हात फळीवर. त्यांना समाधान असे, मावशीला अडचण. एकदा काकांच्या सदऱ्याची बाही एका मुलीच्या स्कर्टला शिवली गेली आणि दोघांना उसवेपर्यंत काकांना उठता आलं नाही. मशीन मात्र त्यांनी पुन्हा उघडलं नाही. निवृत्त होईपर्यंत ते जॉबर राहिले. कारखान्यात कोणाला कळलं नव्हतं, की कळूनही सगळे गप्प बसले, मला सांगता येणार नाही. आपल्याला ऐकू येत नाही हे काकांना स्वतःला माहीत होतं का, याचाही मला आजवर उलगडा झालेला नाही. मी इतकी वर्षं विचार करते आहे, आणि काकांच्या बाबतीत विचार केला की गोंधळ वाढतो हा माझा जुना अनुभव आहे.

काका गेल्यानंतर काही महिन्यांनी मी भिवंडीला गेले होते. मावशी मशीनवर बसली होती. कोणत्या तरी मुलीचा निळा स्कर्ट होता. मी विचारलं, "मशीन बरं चालतंय ना?"

"चालतंय," ती म्हणाली. "पण बरं चालतंय का, ते आता कोण सांगणार?"

मी स्टूल ओढून बसले आणि फळीवर हात ठेवला. तळव्याखाली थरथर होत होती. चांगली की वाईट, मला काही म्हणता काही कळलं नाही. काका गेल्याचं दुःख मला तेव्हा पहिल्यांदा नीट झालं. मावशी पाय न थांबवता माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "चांगलं चाललंय, मावशी."