कच्च्या टाक्याचे अप्पा

सिद्रामअप्पांची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा ते स्वतः हजर नव्हते. त्यांनी शिवलेला सदरा हजर होता. वाचनालयाच्या सभेत मी अध्यक्षमहाशयांच्या भाषणाचा समाचार घेत होतो. जोर चढला, उजवा हात उगारला. शेजारच्या वकिलांनी 'आवरा आता' म्हणून बाही धरून ओढली आणि बाही त्यांच्याच हातात राहिली. सभेला माझ्या युक्तिवादापेक्षा माझा उघडा दंड अधिक पटला.

त्याच आठवड्यात माझ्या साप्ताहिकात मी सात रस्त्यावरील या शिंप्यावर दीड रकाना लिहिला. 'यांच्या दुकानी दोरा दाखवायला ठेवतात, शिवायला नव्हे,' असे त्यात होते. गाव हसले. अप्पांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागणाऱ्या मंडळींना तो दीड रकाना आठवत असेल, तर मंडळी धाडसी आहेत. विसरला असेल, तर मीच आठवण करून देतो.

तिसऱ्या दिवशी अप्पा माझ्या कचेरीत आले. डोक्याला रुमाल, गळ्यात मोजपट्टी, काखेत पुडके. मी भांडणाच्या तयारीने खुर्ची मागे सरकवली.

"एडिटरसाहेब, तुमी लिवलं ते खरं हाय," ते म्हणाले. "पर त्यो सदरा तुमचा नव्हता की. मांजरपाट एकसारखं, पुडकी बदलली. चूक माझी. तुमचा पक्का सदरा ह्यो घ्या आन् गिरणीतल्या गेनूचा परत द्या. बाहीसकट."

"आणि गेनूला उसवलेला सदरा देणार?"

"उसवाया म्हणूनच शिवलाय त्यो."

मी मोठ्याने हसलो. अप्पा हसले नाहीत. "चला," एवढेच म्हणाले.

त्यांच्या दुकानाच्या मागल्या भिंतीला एक दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर नुसत्या बाह्या टांगलेल्या. काही तेलाने काळ्या, काहींच्या चिंध्या झालेल्या. तिथे बसलेले केम गावचे गेनूबा गिरणीच्या पिंजण खात्यात कामाला होते. त्यांनी मला सारा प्रकार समजावला. पिंजणयंत्राच्या तारा उघड्या हाताचे कातडे सोलतात, म्हणून बाही हवी. आणि शेजारी फिरणारा पट्टा बाही पकडून हातासकट ओढून नेतो, म्हणून बाही नको. गिरणीत हा पेच कोणाला सुटत नव्हता; मुळात पडलाच नव्हता. अप्पांनी वाट काढली ती अशी: बाही असावी, पण खांद्याशी एकपदरी कच्च्या सुताने नुसती टाचलेली. पट्ट्याने हिसका दिला की बाही पट्ट्याची आणि हात ज्याचा त्याचा.

गेनूबांनी दोरीवरची एक चिंधी दाखवली. "ही माझी. आन् ह्यो हात. दोनी बघा की. पोरीच्या लग्नात ह्याच हातानं अक्षता टाकल्या."

"सगळे शिंपी पक्क्या शिवणीची बढाई मारतात. तुम्हाला हे कसे सुचले?" मी अप्पांना विचारले.

अप्पांनी सुई कापडात टोचून ठेवली. कोपऱ्यात त्यांचे धाकटे बंधू शिवलिंगअण्णा डाव्या हाताने कापडावर खडूच्या खुणा करत बसले होते. त्यांच्या सदऱ्याची उजवी बाही रिकामी होती.

"ह्याचा सदरा मीच शिवला व्हता," अप्पा म्हणाले. "सख्खा भाऊ म्हणून दुहेरी टीप मारली. शिवण पक्की निघाली, एडिटरसाहेब. हात कच्चा निघाला."

एवढे ऐकल्यावर मी पुढच्याच अंकात दुरुस्ती छापायला हवी होती. छापली नाही. आपल्या विनोदाला गाव हसते आहे हे दिसल्यावर तो मागे घेणे जिवावर येते. मी चालढकल केली, आणि तेवढ्यात गिरणीने माझा लेख फाटकावर चिकटवला. खाली हुकूम: या शिंप्याचे कपडे घालून कोणी आत येऊ नये, गिरणीने दिलेला कोटच घालावा, न घालणाऱ्यास कामावरून काढण्यात येईल.

हा कोट जाड ड्रिल कापडाचा, दुहेरी शिवणीचा, छातीवर नंबर असलेला. मॅनेजरसाहेबांनी त्याचे नाव 'संरक्षक पोशाख' ठेवले. रक्षण नेमके कोणाचे, हे मला कळले नाही. घालणाऱ्याचा हात जायचा होता आणि कोट गिरणीचा राहायचा होता, त्यावरून अंदाज करावा. साहेबांच्या खोलीत पट्टा नव्हता, पंखा होता.

गेनूबा दुकानात आले तेव्हा रडकुंडीला आले होते. "अप्पा, कोट घातला तर हात जातुया, न्हाय घातला तर काम जातंय. करू काय?"

"घाल की. हुकूमच हाय. फकस्त सांच्याला हिकडं घेऊन ये."

त्या संध्याकाळपासून अप्पांच्या पायरीवर कोटांचे ढीग पडू लागले. अप्पा खांद्याची दुहेरी शिवण उसवत आणि कच्च्या सुताने बाही टाचत. एकट्याने उरकेना, तेव्हा त्यांनी रविवारी कामगारांच्या घरच्या बायकांना बसवून तो टाका शिकवला. धंद्याचे गुपित म्हणून लपवावे असे हेच एक त्यांच्यापाशी होते, आणि तेच त्यांनी वाटून टाकले.

एक बाई म्हणाली, "अप्पा, आईनं पक्कं शिवाया शिकवलं. तुमी हात बिघडवताय माझा."

"बिघडू दे, बाई. लई बिघडू दे. नवरा सगळाच्या सगळा घरी येईल."

एके दिवशी मॅनेजरसाहेब मुंबईच्या पाहुण्यांना गिरणी दाखवत होते. कोट किती दणकट आहे हे दाखवायला त्यांनी गेनूबांची बाही धरून ओढली. माझ्या वकील मित्राचे जे झाले होते, तेच साहेबांचे झाले.

अप्पांना बोलावणे आले. मीही गेलो, निमित्त बातमीचे, खरे कारण लाज.

"गिरणीचा माल नासवलात," साहेब म्हणाले. "पोलिसांत देईन. आणि या गेनूला आजच घरी पाठवतो."

अप्पांनी दोन कोट टेबलावर ठेवले. "द्या की. पर आदी एक करू. ह्यो तुमचा कोट, जसाच्या तसा. ह्यो माझ्या टाक्याचा. तुमी तुमचा घाला, मी माझा घालतो. दोघं पिंजण खात्यात जाऊ आन् पट्ट्यात बाही देऊ. ज्याचा हात ऱ्हाईल, त्यानं दुसऱ्याला पोलिसांत द्यावं."

साहेबांनी दोन्ही कोटांकडे पाहिले, दाराशी उभ्या असलेल्या गेनूबांच्या हाताकडे पाहिले. मग "जा," म्हणाले. दोघांनाही.

हुकूम मागे घेतला गेला नाही. कागद जुना झाला की नवा चिकटवतात. कोटही तेच आहेत. खांद्याचा टाका मात्र अप्पांचा. याच ग्रंथात त्याच साहेबांचा शुभसंदेश आहे, की 'कामगारांच्या सुरक्षिततेची गिरणीला प्रथमपासूनच काळजी आहे.' ते 'प्रथम' अप्पांच्या दोरीवरच्या शेवटच्या बाहीनंतर कधीतरी सुरू झाले असावे.

मध्यंतरी मी अप्पांना म्हटले, माझाही सदरा कच्चाच शिवा. ते म्हणाले, "तुमाला काय करायचाय? तुमची बाही अडकत न्हाय, जीभ अडकतीया. तितं मला टाका घालता येत न्हाय."

तेव्हा, जिभेची दुरुस्ती मीच करतो. हा शिंपी कच्चे शिवतो असे मी लिहिले, ते खरे होते. का शिवतो हे न विचारता लिहिले, ही माझी चूक. एका लेखाने मी काही हात धोक्यात घातले; त्या हातांची आज जाहीर माफी मागतो.

समितीने सत्काराला शाल आणली, तर अप्पा म्हणाले, "लोंबणारं काय बी नगो." हाराला कसेबसे तयार झाले, अट एकच, तो कच्च्या सुतात ओवावा. ओवला आहे. गेनूबा तो उजव्या हाताने घालतील.

अप्पांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. शंभरीतही त्यांना सुईचे नेढे दिसो, आणि शिवलिंगअण्णांच्या खडूची खूण त्यांच्या कात्रीपुढे सदैव राहो. दोरीवर नवी बाही चढू नये अशी माझी इच्छा आहे. चढलीच, तर ती रिकामीच चढो. आणि ज्यांना हा कच्चा टाका अजून खुपतो, त्यांनी समारंभाला अवश्य यावे. व्यासपीठामागच्या खुंटीवर दोन कोट तयार ठेवले आहेत.