गिटारच्या घोडीवरची जवारी

"रंग बदललाय, नाव खरडलंय. गिटार आमचीच हाय!" स्टुडिओचे मॅनेजर माझ्या टेबलावर गिटार ठेवत म्हणाले. "रेडिओवाले, तुम्ही सांगा. सांजच्याला ह्याला चौकीत द्यायचा का कामावर ठेवायचा?"

'ह्याला' म्हणजे नारायणला. स्टुडिओच्या वाद्यवृंदातला वादक. स्टुडिओची विलायती गिटार महिन्यापूर्वी चोरीला गेली आणि परवा हा बिननावाची घेऊन आला.

"कागलच्या बाजारात घेतली ओ," नारायण म्हणाला. "जुनी हाय, पण चोरीची न्हाय." मला त्याची दया आली.

पन्नास सालानंतरची गोष्ट. विजेवरच्या गिटारी कोल्हापुरात बोटांवर मोजण्याइतक्या, आणि माझं दुकान रेडिओ दुरुस्तीचं. म्हणून हे झेंगट माझ्या गळ्यात.

मी पिकअप खोलला. पिकअप म्हणजे तारांखालचं लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली केसासारखी तार. वरची तार हलली की त्यात वीज तयार होते, अँप्लिफायर ती मोठी करतो. आतलं चुंबक लष्करी हेडफोनचं निघालं. महायुद्धानंतर तसले हेडफोन भंगारात शेराशेरानं यायचे. म्हणजे ही गिटार इथंच कुणीतरी बनवलेली असणार.

"ते मागनं बी घालता येतंय की," मॅनेजर म्हणाले. बरोबर होतं.

मग गिटार अँप्लिफायरला जोडली. प्रत्येक सुरामागं बारीक झणझण. मी म्हटलं, अर्थिंग गेलं. कंडेन्सर बदलला, वायर बदलली, मीटर लावून तासभर घाम गाळला. झणझण जाईना. शेवटी वैतागून प्लग उपटला आणि रागानं तार छेडली.

झणझण तशीच! वीज नाही, काही नाही. इतका वेळ काखेत कळसा नि गावाला वळसा. माझी मलाच लाज वाटली.

तारा ज्या पट्टीवर टेकतात ती घोडी भिंगाखाली धरली. शिंगाची होती, आणि तिचा माथा कानशीनं अलगद उतरता घासलेला. ही तर जवारी. सतारीच्या घोडीला देतात, म्हणजे तार तिला घासून रेंगाळत गाते. विलायतेतला कुठला कारखाना गिटारला जवारी देईल?

"मॅनेजरसाहेब, मिरजेला चला," मी म्हटलं. नारायणलाही बरोबर घेतलं.

तिथं सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत तिसऱ्याच दुकानात म्हातारे उस्मानचाचा बसले होते. गिटार बघताच त्यांनी ती लेकरासारखी मांडीवर घेतली.

"माझीच की ही! लढाईवरनं आलेल्या एका जवानानं चित्र दाखवून करून घेतलती. विजेचं सामान त्यानंच आणलतं." त्यांनी तारा सैल करून घोडी उचलली. खाली त्यांची कोरलेली खूण होती. तीच खूण भिंतीवरच्या सतारींवर.

"पण चाचा, गिटारला जवारी कशाला?"

"मग? जवारीबिगर तार गाणार कशी?"

नारायण रडायला लागला. मॅनेजर त्याच्याजवळ गेले. मग म्हणाले, "नारायणराव, चुकलं माझं. उद्या नऊला या."

परत आल्यावर मी कानस काढली. "आण, घोडी सरळ करतो. झणझण जाईल."

नारायणनं घोडीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या की ओ. तिनंच मला वाचवलं."

त्या दिवसापासून कुठलीही खरखर आली की मी आधी प्लग काढून ऐकतो.